दोल्नी व्येस्तोनित्से: मोरावियातल्या एका छोट्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेक प्रजासत्ताकाचा बेत आखताना बहुतेकांच्या यादीत प्राग असतं, फार तर चेस्की क्रुमलोव. देशाच्या दक्षिण टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ असलेलं हे जेमतेम तीनशे वस्तीचं गाव त्या यादीत सहसा नसतं. प्रागैतिहासिक काळाची आवड असणाऱ्यांना मात्र ते ठाऊक असतं. निदान तिथे सापडलेल्या काळपट मूर्तीचा फोटो तरी त्यांनी कुठेतरी पाहिलेला असतो. मूर्तीच्या निमित्ताने येणारे प्रश्न आणि खुद्द गावाबद्दलचे प्रश्न, दोन्ही इथे एकत्र घेतले आहेत.

गाव नेमकं कुठे आहे?

चेक प्रजासत्ताकाचे इतिहासाने पाडलेले दोन मोठे भाग म्हणजे पश्चिमेचा बोहेमिया आणि पूर्वेचा मोराविया. दोल्नी व्येस्तोनित्से दक्षिण मोरावियात येतं. बर्नो हे या भागातलं मोठं शहर. तिथून गाव दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटर, आणि मिकुलोव या सीमेवरच्या जुन्या शहरापासून उत्तरेला दहाएक किलोमीटर. गावाच्या पाठीशी पालावाची डोंगररांग आहे आणि समोर दिये नदीवरचा जलाशय.

नकाशा उघडलाच असेल तर नद्या जरूर बघा. प्रागची व्हल्तावा एल्बला मिळून उत्तर समुद्राकडे जाते. दियेचं पाणी मोरावा नदीत, तिथून डॅन्यूबमध्ये आणि शेवटी काळ्या समुद्रात जातं. व्हिएन्ना इथून प्रागपेक्षा कितीतरी जवळ आहे. या गावाचा गेल्या काही शतकांचा इतिहास समजून घ्यायचा तर प्रागकडे थोडी पाठ करून व्हिएन्नाकडे तोंड करावं लागतं.

नावाचा उच्चार कसा करायचा?

दोल्नी व्येस्तोनित्से. दोल्नी म्हणजे खालचं. होर्नी व्येस्तोनित्से, म्हणजे वरचं, जवळच आहे, तेव्हा बसची पाटी नीट वाचा. जुन्या जर्मन पुस्तकांत उंटरविस्टरनिट्झ असं नाव आढळलं तर तेही हेच गाव.

पालावाचे डोंगर कसले आहेत?

चुनखडीचे. ज्युरासिक काळात, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, इथे उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला चुना पुढे दगड झाला. कार्पेथियन पर्वत घडताना जमिनीच्या थरांची जी ढकलाढकल झाली, तिच्यात या टणक दगडाचे मोठे तुकडे मऊ खडकांमधून वर रेटले गेले. म्हणून सपाट शेतांमधून ते असे अचानक उभे राहिलेले दिसतात. सर्वांत उंच माथा द्येवीन, सुमारे ५५० मीटर. आकडा लहान वाटेल, पण पायथ्याचा नदीकाठ दोनशे मीटरच्याही खाली असल्यामुळे डोंगर आहे त्याहून बराच भारदस्त दिसतो.

देशातल्या सर्वांत उबदार आणि कोरड्या भागांपैकी हा एक. वर्षाला पाऊस ५०० ते ५५० मिलिमीटरच्या आसपास. दक्षिणेकडच्या उघड्या उतारांवर गवताळ कुरणं आहेत. वसंत ऋतूत तिथे बुटके आयरिस फुलतात आणि नंतर वाऱ्यावर डोलणारं पिसासारखं गवत येतं. १९७६ साली हा भाग संरक्षित झाला आणि १९८६ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

एवढ्या जुन्या गोष्टी नेमक्या इथेच कशा टिकल्या?

याचं श्रेय मातीला. हिमयुगात उत्तरेकडे बर्फाची चादर पसरलेली असताना मधल्या उघड्या, थंड, कोरड्या प्रदेशात वारा बारीक धूळ उडवत असे. डोंगराच्या आडोशाला ती साठत गेली. तिचे पिवळसर, कित्येक मीटर जाडीचे थर बनले. या मातीला लोएस म्हणतात. तिच्यात चुन्याचा अंश असल्यामुळे हाडं कुजून नाहीशी होत नाहीत. शिवाय धूळ हलक्या हाताने झाकत जाते. चूल विझली, माणसं निघून गेली आणि वर धुळीचा थर बसला की राख, कोळसा, हाडं जिथल्या तिथे राहतात.

गावाजवळच्या जुन्या वीटभट्टीच्या खाणीत या थरांचा उभा काप उघडा पडला आहे. पिवळ्या धुळीच्या थरांमध्ये गडद पट्टे दिसतात. ते उबदार काळातल्या जमिनीचे. भूशास्त्रज्ञांनी या जागेला 'युगांचं कॅलेंडर' असं नाव दिलंय आणि ती संरक्षित स्मारक आहे. माझ्या मते गावातली ही सर्वांत दुर्लक्षित जागा. लोक मूर्तीची चौकशी करतात आणि जिच्यामुळे ती टिकली त्या मातीपुढून गाडी नेतात.

तेव्हाची माणसं गुहांमध्ये राहत होती का?

इथे नाही. या उघड्यावरच्या वस्त्या होत्या. नदीच्या वर, डोंगराच्या पोटाशी. जमीन थोडी खणून, वर लाकूड आणि कातडी घालून निवारे केलेले असावेत. मधोमध किंवा कडेला चुली. वस्तीशेजारच्या ओलसर घळींमध्ये मॅमथच्या हाडांचे ढीग सापडले. एवढे मॅमथ त्यांनी मारलेच, की मेलेल्या प्राण्यांची हाडं जळणासाठी आणि बांधकामासाठी गोळा केली, यावर बराच काळ वाद झाला. लांडगे, कोल्हे, ससे, रेनडिअर यांचीही हाडं भरपूर मिळाली.

जागा निवडण्यामागे हिशेब होता. डॅन्यूबच्या खोऱ्यातून मोरावियामार्गे आजच्या पोलंडच्या मैदानाकडे जाणारी नैसर्गिक वाट याच भागातून जाते. कळप तिथूनच फिरत. माणसांचाही वावर लांबवर होता. हत्यारांसाठीचा चांगला गारगोटीचा दगड जवळपास मिळत नसे. तो उत्तरेकडून, शंभराहून जास्त किलोमीटरवरून आणलेला आहे, आणि रेडिओलराइट नावाचा लालसर-हिरवट दगड आजच्या स्लोवाकियाच्या सीमेकडून. या संस्कृतीला पुरातत्त्वात पावलोवियन म्हणतात. नाव शेजारच्या पावलोव गावावरून पडलंय, आणि प्रसिद्धी मात्र व्येस्तोनित्सेला मिळाली.

ती प्रसिद्ध मूर्ती कधी आणि कशी सापडली?

मोरावियन संग्रहालयाच्या कारेल अब्सोलोन यांनी १९२४ मध्ये इथे पद्धतशीर उत्खनन सुरू केलं. अब्सोलोन हा मोठा उत्साही माणूस. बर्नोच्या उत्तरेकडच्या चुनखडीच्या गुहा धुंडाळण्यातही त्यांचं नाव आहे आणि प्रसिद्धी कशी मिळवायची हेही त्यांना चांगलं कळत असे. १३ जुलै १९२५ रोजी, एमानुएल दानिया यांच्या देखरेखीखाली काम चाललं असताना, योसेफ सायडल या कामगाराला एका मोठ्या चुलीच्या राखेत मातीचा तुकडा मिळाला. त्याचा दुसरा अर्धा भाग जवळच होता. दोन्ही जोडले तेव्हा स्त्रीची आकृती तयार झाली. उंची ११.१ सेंटीमीटर, रुंदी ४.३ सेंटीमीटर. तळहातावर सहज मावेल एवढी. जड स्तन, रुंद कंबर, चेहऱ्याच्या जागी दोन तिरक्या चिरा आणि डोक्यावर चार छोटी छिद्रं.

तिला 'व्येस्तोनित्सेची व्हीनस' म्हणतात. वय सुमारे ३० हजार वर्षं.

ती दगडाची आहे ना?

नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे. त्या काळातल्या बाकीच्या नावाजलेल्या स्त्रीमूर्ती दगड किंवा हस्तिदंत कोरून केलेल्या असतात. ही मातीची, भाजलेली. आधी असा समज होता की मातीत हाडांची पूड मिसळली आहे. नंतरच्या तपासणीत ती स्थानिक लोएसचीच निघाली. पायाखालची माती, पाणी आणि आग, एवढंच साहित्य.

ती एकटीही नव्हती. सिंहीण, अस्वल, मॅमथ, गेंडा अशा प्राण्यांच्या छोट्या आकृती आणि भाजलेल्या मातीचे हजारो तुकडे या परिसरात मिळाले. बोहुस्लाव क्लीमा यांनी १९५१ च्या सुमारास वस्तीपासून थोडं वर, वेगळं असं एक खोपट उकरून काढलं. त्यात भट्टी होती, आणि भट्टीभोवती मातीचे गोळे आणि आकृत्यांचे तुकडे पडलेले. १९८९ मध्ये पामेला व्हँडिव्हर आणि सहकाऱ्यांनी या तुकड्यांचा तांत्रिक अभ्यास प्रसिद्ध केला. भाजणीचं तापमान साधारण ५०० ते ८०० अंश सेल्सियस निघालं. पुष्कळ आकृत्या तापताना तडकून फुटल्या होत्या. कच्ची, ओली माती आगीत टाकली की ती आवाज करत फुटते. ती मुद्दाम फोडत असतील, फुटण्यालाच काही अर्थ असेल, असा तर्क त्या अभ्यासकांनी मांडला. तर्क देखणा आहे, पण कारागिराच्या हातून भाजताना माल फुटतोच हेही विसरू नये.

लक्षात घेण्यासारखी बाब अशी की या लोकांनी मातीची भांडी केली नाहीत. आज माहीत असलेली सर्वांत जुनी भांडी चीनमधली आहेत, सुमारे २० हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे माती भाजायची विद्या हाताशी आली तेव्हा तिचा पहिला वापर स्वयंपाकासाठी झाला नाही, आकृत्यांसाठी झाला.

ती देवी होती का?

कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. 'आदिमाता', 'प्रजननाची देवता' वगैरे शब्द पर्यटनाच्या पत्रकांवर छान दिसतात. मूर्ती कुणी केली, कशासाठी केली, ती पूजली की खेळात वापरली की एका कामापुरती बनवून आगीत टाकली, यापैकी कशाचाही पुरावा मातीत उरलेला नाही. ती देवघरात सापडली नाही, चुलीच्या राखेत सापडली, मोडलेल्या अवस्थेत. एवढं नक्की.

मूर्तीवर लहान मुलाच्या बोटाचा ठसा आहे, हे खरं आहे का?

खरं आहे. २००४ मध्ये मूर्तीचं टोमोग्राफी यंत्राने, म्हणजे वस्तू न फोडता तिचा आतला भाग दाखवणाऱ्या क्ष-किरण यंत्राने, स्कॅनिंग झालं. पाठीवर एक जुना ठसा मिळाला. त्यावरून ते बोट साधारण ७ ते १५ वर्षांच्या मुलाचं किंवा मुलीचं असावं असा अंदाज बांधला गेला. मूर्ती त्या मुलानेच केली असं मात्र त्यावरून ठरत नाही. माती ओली असताना कुणीतरी लहानगं तिला हात लावून गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

गावात गेलं की मूर्ती बघायला मिळते का?

नाही. हा गैरसमज घेऊन बरेच जण जातात आणि हिरमुसतात. मूळ मूर्ती बर्नोच्या मोरावियन संग्रहालयाच्या ताब्यात असते आणि तीही फार क्वचित, कडक बंदोबस्तात प्रदर्शनाला ठेवतात. गावात छोटं पुरातत्त्व प्रदर्शन आहे, तिथे प्रतिकृती आणि इतर वस्तू दिसतात. शेजारच्या पावलोवमध्ये २०१६ मध्ये उघडलेलं पुरातत्त्व उद्यान त्याहून मोठं आहे. वास्तुकार राद्को क्व्येत यांच्या संघाने ते जवळजवळ पूर्ण जमिनीखाली बांधलं. उतारावर फक्त पांढुरक्या काँक्रीटचे तिरके मनोरे वर आलेले दिसतात, चुनखडीच्या सुळक्यांसारखे. आत मॅमथच्या हाडांचा ढीग जिथे सापडला तिथेच ठेवला आहे. वेळ एकाच ठिकाणासाठी असेल तर पावलोवला जा.

इथे सापडलेल्या थडग्यांबद्दल नेहमी बोललं जातं. ती कुणाची?

दोन थडग्यांची गोष्ट सांगतो.

पहिलं क्लीमांना १९४९ मध्ये सापडलं. अंग मुडपून कुशीवर निजवलेली, साधारण चाळिशीची, लहान चणीची स्त्री. अंगावर गेरूचा लाल रंग आणि वर मॅमथच्या खांद्याची दोन प्रचंड हाडं झाकणासारखी ठेवलेली. सोबत कोल्ह्याचे अवशेष. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू जुन्या दुखापतीमुळे वाकडी झाली होती. आता योगायोग बघा: अब्सोलोन यांच्या उत्खननात त्याआधीच हस्तिदंतात कोरलेलं एक छोटं डोकं मिळालं होतं, आणि त्या चेहऱ्याची एक बाजूही किंचित ओघळलेली आहे. ते तिचंच व्यक्तिचित्र आहे का? अनेकांना तसं वाटतं. थडगं आणि कोरीव काम एकाच वेळचं आहे हे सिद्ध करणं अवघड आहे, त्यामुळे मी 'कदाचित' च्या पुढे जाणार नाही. पण चाळीस वर्षं जगलेली, जखमी चेहऱ्याची बाई आणि तिच्या दफनासाठी घेतलेले एवढे कष्ट, हे चित्राशिवायही पुरेसं बोलकं आहे.

दुसरं १९८६ मधलं. धरणाच्या बांधासाठी लोएस उकरत असताना वस्तीचा नवा भाग उघडा पडला आणि घाईने बचाव उत्खनन करावं लागलं. त्यात तीन तरुण एकाच खड्ड्यात शेजारी शेजारी पुरलेले आढळले. मधल्याचा सांगाडा जन्मजात व्याधीने वाकलेला. एका बाजूच्याचे हात मधल्याच्या ओटीपोटाकडे नेलेले, दुसऱ्या बाजूचा पालथा. डोक्यांवर आणि मधल्याच्या ओटीपोटावर गेरू. मधली व्यक्ती स्त्री असावी असं धरून त्यावर बरंच लिहिलं गेलं. बाळंतपणातल्या मृत्यूपासून प्रेमाच्या त्रिकोणापर्यंत सगळं त्यात आलं. २०१६ मध्ये प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने तिघेही पुरुष असल्याचं दाखवलं आणि त्यातल्या बऱ्याच कहाण्या एका फटक्यात मोडीत निघाल्या.

कापडाचे अवशेषही मिळाले म्हणतात?

कापड नव्हे, कापडाचे ठसे. भाजलेल्या मातीच्या काही तुकड्यांवर दोऱ्यांची, गाठींची, विणीची नक्षी उमटली आहे. ओल्या मातीखाली किंवा शेजारी विणलेली वस्तू असणार. जेम्स अडोवासिओ आणि ओल्गा सोफर यांनी १९९० च्या दशकात हे ठसे अभ्यासून दाखवलं की वनस्पतींच्या तंतूंपासून दोर, जाळी, चटईसारखी वीण हे लोक करत होते. हिमयुग म्हटलं की डोळ्यांपुढे कातडं पांघरून भाला घेतलेला पुरुष येतो. जाळं विणणारे हात कुणी चित्रात काढत नाही.

त्याच काळात महाराष्ट्रात काय चाललं होतं?

बर्फ नव्हता, पण माणसं होती. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघांची नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. कार्बन पद्धतीने त्याचा काळ सुमारे २५ हजार वर्षं निघाला. मोरावियात माती भाजली जात होती त्याच मोठ्या कालखंडात सातमाळ्याच्या पायथ्याशी कवच घासून मणी केले जात होते. दोघांचा एकमेकांशी संबंध जोडायचं कारण नाही. शहामृग खानदेशात होता, हेच पहिल्यांदा ऐकताना चकित व्हायला होतं.

उत्खननातल्या सगळ्या वस्तू आज सुरक्षित आहेत का?

दुर्दैवाने नाहीत. १९३८ नंतर हा भाग नाझी जर्मनीत गेला. १९३९ पासून एसएस या नाझी निमलष्करी संघटनेच्या 'आनेनएर्बे' या संस्थेने असीएन बोमर्स यांच्या हाताखाली इथे उत्खनन चालवलं. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांना जुन्या हाडांचा टेकू द्यायचा, हे त्या संस्थेचं एकूण धोरण. युद्धाच्या अखेरीला बर्नोहून बऱ्याच वस्तू मिकुलोवच्या किल्ल्यात हलवल्या होत्या. एप्रिल १९४५ मध्ये किल्ला पेटला आणि त्यांतल्या असंख्य वस्तू जळाल्या. सांगाडे, हाडं, नोंदी सगळंच त्यात गेलं. मूर्ती तिथे नव्हती म्हणून वाचली. ३० हजार वर्षं धुळीने जपलेलं एका दिवसाच्या आगीत गेलं, ही गोष्ट मला मूर्तीच्या शोधापेक्षा जास्त अस्वस्थ करते.

मॅमथच्या काळानंतर थेट आजच? मधली हजारो वर्षं?

मधेही भरपूर घडलं, फक्त त्याचं नाव कमी झालं. दुसऱ्या शतकात रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात, मार्कोमनी या जर्मानिक टोळीशी झालेल्या युद्धांच्या वेळी रोमन सैन्य डॅन्यूब ओलांडून इथपर्यंत आलं होतं. गावापासून काही किलोमीटरवर मुशोवजवळच्या टेकडीवर त्यांच्या तळाचे अवशेष आहेत, आणि १९८८ मध्ये त्याच परिसरात एका जर्मानिक सरदाराचं संपन्न थडगंही मिळालं. पुढे स्लाव आले. नदीकाठी त्यांची तटबंदीची वस्ती होती आणि तिची मोठी दफनभूमीही खणली गेली आहे.

मध्ययुगात डोंगरावर द्येविच्कीचा किल्ला उभा राहिला, तेराव्या शतकात. तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने तो जाळला. आता भिंतींचे अवशेष आहेत आणि तिथून दिसणारा देखावा आहे. परिसर मिकुलोवच्या जमीनदारांच्या प्रभावाखाली होता. आधी लिख्टेनश्टाइन घराणं, १५७५ पासून डिट्रिखश्टाइन.

गावातली घराणी पिढ्यानपिढ्या इथलीच आहेत का?

बहुतांश नाहीत, आणि हे समजल्याशिवाय गाव समजत नाही.

१९४५ पर्यंत इथे मुख्यतः जर्मन भाषिक राहत होते. मिकुलोवच्या आसपासचा सगळाच पट्टा तसा होता. द्राक्षमळे त्यांचे, घरं त्यांची, थडग्यांवरची नावं त्यांची. १९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरी कोसळून चेकोस्लोवाकिया झाला तेव्हा या पट्ट्यातल्या जर्मनांना नव्या देशात नको, ऑस्ट्रियात राहायचं होतं. त्यांचं कुणी ऐकलं नाही. वीस वर्षांनी म्युनिक करार झाला आणि सप्टेंबर १९३८ नंतर सीमेलगतचा हा भाग हिटलरच्या राज्यात गेला. तेव्हा इथून पळून जायची पाळी चेक आणि ज्यू लोकांवर आली. युद्ध संपल्यावर चक्र उलट फिरलं. १९४५-४६ मध्ये चेकोस्लोवाकियातून सुमारे ३० लाख जर्मन भाषिकांना घालवून देण्यात आलं. त्यात ही गावंही रिकामी झाली. मोरावियाच्या आतल्या भागांतून नवी कुटुंबं येऊन वसली. लगोलग शेती सामूहिक झाली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर काटेरी तारा आल्या.

म्हणजे आजची बहुतेक घराणी इथे तीन-चार पिढ्यांची. द्राक्षाच्या वेली आणि तळघरं त्यांच्याहून जुनी. या विषयावर गावात कुणाशी बोलायची वेळ आली तर जरा जपून. दोन्ही बाजूंनी दुखरी जागा आहे.

समोरचा तलाव नैसर्गिक आहे का?

नाही. तो नोवे म्लीनी प्रकल्पाचा भाग. १९७० आणि ८० च्या दशकांत दिये नदीवर लागोपाठ तीन जलाशय बांधले गेले. एकूण पाणथळ क्षेत्र सुमारे ३२ चौरस किलोमीटर. पूर आटोक्यात आणणं आणि शेतीला पाणी पुरवणं हा हेतू. गाव मधल्या आणि खालच्या जलाशयाच्या सांध्यावर येतं. दोघांमधल्या बांधावरून पलीकडच्या स्त्राखोतीनला रस्ता जातो.

किंमत मोठी पडली. नदीकाठची पूरक्षेत्रातली जुनी जंगलं आणि ओली कुरणं बुडाली. मुशोव गाव उठवलं गेलं, घरं पाडली. उरलं ते संत लिओनार्डचं मध्ययुगीन चर्च, मधल्या जलाशयातल्या बेटावर एकटं. उजनीच्या पाण्यात उभं असलेलं पळसदेवचं देऊळ ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की पळसदेव पाणी ओसरलं की उघडं पडतं आणि मुशोवचं चर्च बारमाही दिसतं.

मधल्या जलाशयाची पातळी नंतर खाली आणली, त्यात बेटं तयार केली आणि आज तो पाणपक्ष्यांचं राखीव क्षेत्र आहे. पाणी किती ठेवायचं यावरून शेतीवाले आणि निसर्ग अभ्यासक यांच्यात ओढाताण चालूच असते. कोरड्या वर्षांत ती जास्त वाढते. माझा कल पक्ष्यांकडे आहे, पण माझा मळा इथे नाही.

द्राक्षं आणि वाईन यांचं काय?

गाव मिकुलोव द्राक्ष विभागात मोडतं. चुनखडी, लोएस, उन्हाचे उतार, असं सगळं जुळून आलंय. वेल्शरीझलिंग हा इथला जुना, भरवशाचा वाण. स्थानिक नाव घेतलेला दुसरा वाण म्हणजे 'पालावा'. योसेफ वेवेर्का यांनी १९५० च्या दशकात ट्रामिनर आणि म्युलर-थुर्गाऊ यांच्या संकरातून तो तयार केला, आणि १९७७ मध्ये त्याची नोंदणी झाली. सुगंधी, किंचित गोडसर. पहिल्यांदाच वाईन चाखणाऱ्याला आवडण्याची शक्यता जास्त.

शरद ऋतूत बुर्चाक मिळतो. तो अर्धवट आंबलेला, गढूळ, गोड द्राक्षरस. सरबतासारखा लागतो म्हणून लोक पेल्यामागून पेले रिचवतात. पोटात गेल्यावरही त्याचं आंबणं चालू राहतं, हे स्थानिक लोक हसत हसत आणि थोडं उशिरा सांगतात.

कधी जावं, काय बघावं?

फुलांसाठी एप्रिल-मे, द्राक्षांसाठी सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन चांगलंच लागतं आणि खालच्या जलाशयावर पोहणाऱ्यांची गर्दी असते.

लाल खुणांची पायवाट गावातून द्येविच्कीच्या अवशेषांवर, तिथून द्येवीनच्या माथ्यावरून पुढे थेट मिकुलोवपर्यंत जाते. पूर्ण अंतर चौदाएक किलोमीटर, एक दिवस हाताशी हवा. पहिला चढ दमवतो, नंतर माथ्यावरून चालणं सोपं. वाटेत पाण्याची सोय नाही, बाटल्या भरून घ्या. वाट सोडून गवतात शिरू नका. संरक्षित क्षेत्र आहे, दंड होतो, आणि ती कुरणं पायदळी गेली तर परत यायला फार वेळ लागतो. गावातलं प्रदर्शन हिवाळ्यात बंद असू शकतं, वेळा आधी तपासा. मिकुलोवहून परतायला बस मिळते, पण शनिवार-रविवारी फेऱ्या कमी असतात. शेवटच्या बसची वेळ डोंगर चढायच्या आधीच बघून ठेवा.